खापरांचा हिवाळा

संक्रांत होऊन गेली की ज्वारीच्या कणसांत दूध भरतं, आणि दूध घट्ट होता होता हुरड्याचे दिवस येतात. धाराशिवातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी असते. मी ज्या ऑफिसात जाते तिथून यातलं काही दिसत नाही. एका इंजिनिअरच्या हाताखाली मी घरांचे नकाशे काढते. दिवसभर समोर कंप्युटर, पाठीमागं फायलींची कपाटं. तरी या दिवसांत सकाळी नळाच्या गार पाण्यात हात घातला की बोटांना काहीतरी आठवतं. मला आठवायच्या आधी त्यांना आठवतं. हातात स्टीलची साधी वाटी असते, पण बोटं तिचा काठ चाचपत असतात. जाड किती, आत वळलाय की बाहेर.

एका हिवाळ्यात मी खापरं धुतली. त्यालाही आता वीसेक वर्षं झाली.

मी तेरची. तेरणेच्या काठचं आमचं गाव फार जुनं आहे असं शाळेत सांगायचे, पण आम्हाला त्याचं काही अप्रूप नव्हतं. गावाला लागून मातीचं मोठं टेकाड आहे. जुनी वस्ती त्याच्या पोटात गाडली गेलेली. आम्ही त्याला पांढर म्हणायचो. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहून गेलं की मातीतून बारीक मणी वर यायचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यायचे. आम्ही मुली ते वेचायचो आणि बाहुल्यांच्या गळ्यात घालायचो. मोठी माणसं म्हणायची, टाका ते, मेलेल्या माणसांचं हाय.

त्या वर्षी मी बारावी सायन्सला नापास झाले होते. फिजिक्स गेलं. ऑक्टोबरला परत बसले, परत गेलं. मग घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं माझ्यासाठी एकेक रस्ता आणायला सुरुवात केली. मामांनी नर्सिंग सांगितलं, कारण त्यांच्या शेजारची पोरगी सरकारी दवाखान्यात लागली होती. शाळेतले गुरुजी म्हणाले, बारावी काढ आणि डीएड कर. चुलतभाऊ म्हणाला, उंची चांगली हाय, भरतीसाठी पळायला लाग. मायचं म्हणणं, आर्ट्सला नाव घाल, निदान लग्नाच्या बोलणीत सांगायला बरं पडंल. प्रत्येकाच्या रस्त्याच्या टोकाला मी उभी असायचे, कधी पांढऱ्या साडीत, कधी खाकीत, कधी हातात खडू घेऊन. त्यातली एकही मला ओळखीची वाटायची नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच सांगायचे नाहीत. त्यांची थोडी शेती होती आणि गावात पिठाची गिरणी. एकदा गिरणी बंद करता करता मीच विचारलं.

"अण्णा, तुमाला काय वाटतं?"

"मला कशाला विचारायलीस? तुला काय वाटतं?"

"मला काय बी कळंना."

त्यांनी पट्टा उतरवला, हात झटकले. "मग हिवाळा जाऊ दे," म्हणाले. "उन्हाळ्यात बघू."

म्हणजे मला एक सबंध हिवाळा मिळाला. रिकामा. पुढं आयुष्यात इतका रिकामा वेळ मला कुणी कधी दिला नाही.

दिवाळी झाली आणि पांढरीवर तंबू उभे राहिले. बाहेरगावची माणसं आली, दोऱ्या लावून त्यांनी जमिनीवर चौकोन आखले आणि खणायला घेतलं. गावातल्या माणसांना कामावर लावलं. आमच्या गल्लीत इस्माईलचाचांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांची नसरीन माझी मैत्रीण. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती आणि ती दिवसभर चाचांच्या शेजारी बसून काजं-बटणं करायची. एका सकाळी ती पळत आली.

"अर्चे, पांढरीवर बाया पाहिजेत म्हणं. खापरं धुवायला."

"घरी काय कमी भांडी हैत का धुवायला?"

"घरची रोज तीच असतात गे," नसरीन म्हणाली. "ही कुणाची, कोण जाणे."

मायला वाटलं, दोघी जातायत, दिवसाउजेडी परत येतायत, जाऊ दे. चाचांनी नसरीनला एवढंच सांगितलं, की बटणांचं काम संध्याकाळी बसून पुरं करायचं.

काम सोपं होतं. चरातून घमेल्यांनी खापरं यायची, मातीनं लडबडलेली. आम्ही पाण्याच्या टबाशी बसून मऊ ब्रशनं ती धुवायचो. पाणी इतकं गार, की थोड्या वेळानं बोटं आपली वाटायची नाहीत. धुतलेली खापरं गोणपाटावर उन्हात पसरायची. लाल, काळी, काही बाहेरून लाल आणि आतून काळी, काहींवर अजून चकाकी. सकाळभर ती नुसती ओली असायची, आणि दुपारी वाळली की प्रत्येकाचा खरा रंग दिसायचा. त्या रंगांची मला सवय लागली. एका खापरावर कुंभाराच्या बोटांचे वळ होते. मी माझी बोटं त्यावर ठेवली, तर बसली. त्या माणसाची बोटं माझ्याएवढीच होती, म्हणजे बाई असेल, किंवा कुणी तरणं. मी ते खापर लवकर खाली ठेवू शकले नाही.

नसरीनचं वेगळंच सुरू झालं. ती धुता धुता तुकडे जुळवायला लागली. एका चरातून जाड रांजणाचे तुकडे आले होते, टोपलंभर. ती एक उचलायची, फिरवायची, दुसऱ्याला लावून बघायची. जुळला की तिच्या तोंडातून बारीक 'हां' निघायचं. काही दिवसांनी तिला धुण्याच्या कामावरून काढून जोडणीच्या टेबलाशी बसवलं. वाळूच्या परातीत तुकडे उभे करून ती डिंकानं चिकटवायची आणि जेवायची सुट्टी झाली तरी उठायची नाही.

"चल की गं, भूक न्हाय का लागली?"

"थांब. याचं पोट बंद झालं की येते."

"कुणाचं पोट?"

"रांजणाचं गे!" आणि दोघी हसत सुटायचो.

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसायचे, बाभळीच्या सावलीत. त्या बाभळीखालची एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. शेजारच्या शेतकऱ्यानं हुरडा दिला होता. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होती. ती हातावर चोळायची, फुंकर मारायची, हिरवे गरम दाणे तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. सगळ्यांचे तळवे काळे झाले होते. खाता खाता नसरीननं मोठ्या धिटाईनं सरांना विचारलं, "सर, हे खणायचं काम शिकायला कुठं जावं लागतं?"

सर उत्खननाचे प्रमुख. आम्ही त्यांना बिचकून असायचो. ते हसले. "मी तर नाटकात काम करायला पुण्याला आलो होतो," म्हणाले. "नाटक काही जमलं नाही. जेवणाची सोय होते म्हणून एका मित्राबरोबर अशाच एका कॅम्पला गेलो. तो मित्र परत गेला."

मग एकेक जण बोलायला लागला. फोटो काढणारे प्रकाशदादा बार्शीचे. ते लग्नांचे फोटो काढायचे. एका कॅम्पातला फोटोग्राफर आजारी पडला म्हणून चार दिवसांसाठी गेले आणि मग लग्नं सुटली ती सुटलीच. "इथं कुणी मान वाकडी करत नाही, डोळे मिटत नाही," ते म्हणाले, "सगळे कसे गप पडून राहतात." खोदकामावर देखरेख करणारे खंडूमामा खानदेशातले. त्यांच्याच शेतात कधीकाळी खोदाई झाली होती, तेव्हा ते घमेली उचलत होते. एक विद्यार्थिनी होती, तिनं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून इतिहास घेतला होता. तिचे वडील तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की मी हातातला हुरडा तोंडात टाकायची विसरले.

मला वाटत आलं होतं, की एका कामाला एकच दार असतं. बारावी, मग हे, मग ते. तिथून हुकलं की संपलं. आणि इथं एका बाभळीखाली बसलेली ही सगळी माणसं, कुणी नाटकातून आलेलं, कुणी लग्नाच्या मांडवातून, कुणी शेताच्या बांधावरून. सगळ्यांच्या तळहाताला एकच काळं लागलेलं. मी माझ्या हाताकडं पाहिलं. माझाही काळा होता.

कुमुदताई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या चित्रं काढायच्या. चाळिशीच्या असतील, सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांचं टेबल तंबूच्या तोंडाशी असायचं. भांड्याच्या काठाचा एवढासा तुकडा त्या कागदावर आखलेल्या वर्तुळांवर पालथा धरायच्या आणि तोंड केवढं असेल ते ठरवायच्या. मग एका बाजूला त्याची जाडी, दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. बोटभर तुकड्यातून कागदावर सबंध वाडगा उभा राहायचा. मी टब रिकामा करायच्या निमित्तानं त्यांच्या मागं उभी राहायचे.

"बघायचंय की काढायचंय?" एक दिवस त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी घाबरून गेले. "मला येत न्हाय."

"ते मी विचारलं का?"

त्यांनी स्टूल सरकवलं. पहिला काठ मी काढला तो सुजल्यासारखा दिसत होता. त्यांनी खोडरबर पुढं केलं. दुसरा काढला. तिसरा बघून त्यांनी पुढचं खापर माझ्यासमोर ठेवलं. त्या दिवशी घरी जाताना मी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक वस्तूचा काठ बघत होते. आडाच्या कठड्याचा, म्हशीच्या टोपल्याचा, गिरणीच्या दगडाचा. रात्री जेवताना ताटाकडं बघत बसले, तर माय म्हणाली, "काय पडलंय का ताटात?"

त्यानंतर अर्धा दिवस धुणं आणि अर्धा दिवस चित्रं असं व्हायला लागलं. ताई बोलायच्या कमी. हळूहळू कळलं, की त्या सातारच्या बाजूच्या. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. धरणाच्या ऑफिसात नकाशे काढायचं हंगामी काम मिळालं होतं. धरणात जुनी गावठाणं बुडणार म्हणून ती खणायला माणसं आली, त्यांना चित्रं काढायला कुणीतरी हवं होतं. ऑफिसानं ताईंना पाठवलं.

"मग परत ऑफिसात न्हाय गेलात?"

"गेले की. महिनाभर. तिथं भिंती काढायच्या होत्या, अजून न बांधलेल्या," त्या म्हणाल्या. "मला या भिंती बऱ्या वाटल्या. कुणीतरी राहून गेलेल्या."

आज मी रोज न बांधलेल्या भिंती काढते. त्यात वाईट काही नाही. लोक येतात, म्हणतात, मॅडम, देवघर इकडं घ्या, जिन्याखाली पोरांच्या सायकली राहतील असं बघा. मी त्यांच्या सायकलींना जागा करते. काही घरांची वास्तुशांत असते तेव्हा मला बोलावतात, आणि मी काढलेल्या खिडकीतून खरंखुरं ऊन आलेलं बघून मला आनंदही होतो. पण त्या तंबूच्या तोंडाशी, पायाशी ऊन आणि डोक्यावर सावली अशा जागी बसून मी जी रेघ ओढायचे, ती ओढताना माझ्यात एक अख्खी मी असायची. आता रेघ ओढताना थोडी मी ऑफिसात असते, थोडी घरी गॅसवर ठेवलेल्या कुकरपाशी, थोडी मुलाच्या शाळेत.

माघ संपता संपता कॅम्प आवरायची बोलणी सुरू झाली. पुढचा कॅम्प कर्नाटकात, एका नदीकाठी, पावसाळ्यापर्यंत. ताईंनी मला विचारलं, "येतेस? मदतनीस म्हणून घेते. शिकशील." मी 'हो' म्हणाले. घरी विचारायला हवं हे मला नंतर सुचलं.

अण्णा दुसऱ्या दिवशी स्वतःच पांढरीवर आले. गिरणीतून तसेच उठून आले होते, भुवयांवर पीठ होतं. सरांनी त्यांना चर दाखवला, नसरीननं जोडलेला रांजण दाखवला. मग ताईंनी माझी चित्रं त्यांच्यापुढं मांडली. अण्णांनी ती एकेक करून बघितली. हात कपड्याला पुसून घेतले, आणि तरी कागदाला हात लावला नाही.

"हे आमच्या अर्चनानं काढलंय?"

"तिनंच."

"लई चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "ताई, एक विचारू का? पोरीला तुमच्या संगं धाडली, ती शिकली. पुढं काय? त्यात पक्कं काय हाय?"

ताईंनी चष्मा काढला. काहीतरी गोड बोलून त्यांना वेळ मारून नेता आली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, काहीतरी बोला.

"पक्कं काही नाही, दादा," ताई म्हणाल्या. "एक कॅम्प झाला की दुसरा मिळेल असं सांगता येत नाही. मीच अजून पक्की नाही."

"खरं सांगितलंत, बरं केलंत." अण्णांचा आवाज अगदी मऊ झाला होता. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "परमुलखात, तंबूत न्हाय धाडायची छाती होत माझी. घरून जाऊन-येऊन जे व्हईल ते करू दे. त्याला मी अडवणार न्हाय."

"मग आयटीआय," ताई लगेच म्हणाल्या. "उस्मानाबादला आहे. ड्राफ्ट्समन. दहावीवर घेतात, बारावीचं काही अडत नाही. मी त्याच वाटेनं आले. हात तयार होईल, पोटाला मिळेल. इकडं नंतरही वळता येतं."

तेव्हा धाराशिवला सगळे उस्मानाबादच म्हणायचे. मी खाली मान घालून गोणपाटावरची खापरं बघत होते. त्या दिवशी मला कुणाचातरी फार राग यायला हवा होता. अण्णांचा, नाहीतर ताईंचा. पण दोघंही खरं बोलले होते, दोघंही माझं भलं बघत होते. राग धरायला जागाच सापडेना, म्हणून मी टबाकडं गेले आणि आधीच धुतलेली खापरं परत धुतली. नसरीन येऊन शेजारी बसली. तिनं माझ्या टबात तिचेही हात घातले.

चर बुजवतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ती घरं, ती विटांची गटारं, ती चुलीची काळी जागा आता उघडी राहील, आणि आम्ही येता-जाता बघत राहू. पण ज्या घमेल्यांनी माती वर काढली होती त्याच घमेल्यांनी ती परत आत गेली. तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि वर माती. "असंच नीट राहतं," खंडूमामा म्हणाले. तंबू उतरले, ट्रक भरला. रांजण पेंढ्यात गुंडाळून नेताना नसरीननं दोनदा 'संभाळून' म्हटलं. कुमुदताई ट्रकच्या पुढच्या बाजूला बसल्या. त्यांनी मला त्यांची एक पेन्सिल दिली. तेरणेच्या पुलावरून ट्रक गेला. आम्ही दोघी पांढरीवर उभ्या होतो, आणि खाली ज्वारीची काढणी चालली होती.

उन्हाळा संपला तशी मी आयटीआयला लागले. रोज तेरहून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. आखणीचा लांब टी-स्क्वेअर बसमध्ये कुठं ठेवायचा हाच मोठा प्रश्न असायचा; एकदा तो एका म्हाताऱ्यांच्या पागोट्याला लागला, तर त्यांनी तो हातात घेऊन शहर येईपर्यंत काठीसारखा धरून ठेवला. कोर्स झाला, नोकरी लागली, कंप्युटर शिकले. बारावी राहिली ती राहिलीच, तिच्यावाचून अडलंही नाही. लग्न झालं, घर झालं, मुलगा झाला. ताईंच्या 'नंतर'मध्ये हे सगळं भरत गेलं. सुरुवातीला त्यांचे फोन यायचे, सरांच्या ऑफिसातून. मग त्या दक्षिणेत कुठंतरी गेल्या असं कळलं, आणि पुढं तेही कळेनासं झालं.

नसरीनची वाट आणखी वेगळी. ती सोलापूरला खालाकडं, म्हणजे मावशीकडं गेली. तिथं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली. आधी बटणं, मग शिलाई, मग कटिंग. कापडाच्या थप्पीवर माप असं मांडायचं, की चिंधी कमीत कमी निघावी. त्यात तिचा हात बसला. आता तिचं स्वतःचं छोटं युनिट आहे, बायका कामाला आहेत. रविवारी फोन येतो.

"क्या गे अर्चे, क्या करती?"

"कुणाचा तरी संडास-बाथरूम काढायलेय. तू?"

"चड्ड्या कापायली." मग दोघी हसतो. हसणं ओसरलं की ती कधीकधी म्हणते, "त्याचं तोंड राहिलं होतं बघ." रांजणाच्या तोंडाचे दोन तुकडे तिला शेवटपर्यंत सापडले नव्हते. "अजून हात शोधतात गे माझे. कापड पसरलं की वाटतं, खाली असतील."

आम्ही दोघींनी बरं केलं, असं लोक म्हणतात. खरंच बरं झालं. मला माझं आयुष्य नको आहे असं नाही. मला फक्त तो हिवाळा परत हवा असतो. वाटा कळल्या होत्या आणि एकीवरही पाऊल पडलं नव्हतं, तेवढा. हात गार पाण्यात, पाठीवर ऊन, आणि पुढच्या घमेल्यात काय येईल हे कुणालाच माहीत नाही.

यंदाच्या जानेवारीत तेरच्या शाळेनं मला बोलावलं. दहावीच्या मुलींना मार्गदर्शन. गावातून शिकून नोकरीला लागलेल्या आम्ही काही जणी खुर्च्यांवर बसलो होतो. एक नर्स, एक पोलीस, एक बँकेतली, आणि मी. मी सगळं व्यवस्थित सांगितलं. आयटीआयला काय काय ट्रेड असतात, तिथून डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला कसं जाता येतं, नापास झालं तरी कुठली दारं उघडी राहतात, काम करता करता पदवी कशी होते. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी प्रत्येकीला उभं राहून काय व्हायचंय ते सांगायला लावलं. डॉक्टर, कलेक्टर, पोलीस, इंजिनिअर. नारळ आणि शाल घेऊन मी स्टँडवर आले, तर बाकावर त्याच शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, मांडीवर दप्तर. मला बघून ती सरकली.

"तुला कुठं जायचंय?"

"मला न्हाय जायचं. तुमी इथं येणार म्हणून बसले." तिनं नाव अंकिता सांगितलं. मग दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "मॅडम, मघाशी सगळ्या उठल्या, म्या उठले न्हाय."

"का गं?"

"मला ठावंच न्हाय काय व्हायचंय ते." मान खाली घालून, चोरी सापडल्यासारखी म्हणाली ती. "सगळ्यांला ठावं हाय. मलाच न्हाय."

तिला धीर देणारं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, आणि ध्यानात आलं, की मला तिची कीव येत नव्हती. मला तिचा हेवा वाटत होता.

"तुमाला हेच व्हायचं हुतं का?" तिनं विचारलं. "नकाशे काढायचं?"

सभागृहात हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. मी 'नाही' म्हणाले. मग सांगायला लागले. चर, टब, नसरीन, हुरडा, बाभळीखाली बसलेली माणसं आणि ती कुठून कुठून आलेली. नाटकातले सर ऐकून ती हसली. ताई ट्रकमध्ये बसून गेल्या तिथं मी थांबले.

"मग आता न्हाय का जाता येत?"

"आता?" मी हसून म्हणाले, "आता घर हाय, ऑफिस हाय, पोरगा आठवीला..." पुढं आणखी काय आहे ते मला आठवेना. ती माझ्याकडं सरळ बघत होती. "येत असंल," मी म्हणाले. "म्या कधी कुणाला विचारूनच बघितलं न्हाय."

धुरळा उडवत बस आली. कंडक्टर दारातून ओरडला, "धाराशिव! चला ताई, लवकर!" मी उठले, शाल बगलेत घेतली, नारळाची पिशवी उचलली. पायरीपर्यंत गेले. मागं वळून बघितलं तर ती बाकावर तशीच होती, उठून निरोप द्यावा की नाही या विचारात अर्धी उठलेली.

"जाऊ द्या," मी कंडक्टरला म्हणाले. "मागची धरते."

बस गेली. मी परत तिच्या शेजारी येऊन बसले.

"बरं, व्हायचं काय ते जाऊ दे," मी म्हणाले. "काय काय करून बघावं वाटतं ते सांग."

तिनं दप्तराचा पट्टा सोडला. मग एकदम बोलायला लागली, आणि मी तिला मधे थांबवलं नाही.